पट्टा संपला? मग हात स्टिअरिंगवर!

नवी गाडी बुक करताना हल्ली मायलेजच्याही आधी एक प्रश्न विचारला जातो, ‘एडीएएस आहे ना?’ २०२१मध्ये एमजी अ‍ॅस्टर आणि महिंद्रा एक्सयूव्ही७०० ही सोय घेऊन आल्या, २०२२मध्ये होंडा सिटी हायब्रिड आली आणि मग आपल्या बजेटमधल्या गाड्यांच्या ब्रोशरमध्येही हे चार शब्द चमकायला लागले. मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेवर गाडी दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मधून चाललीय, वळणावर स्टिअरिंग आपोआप हलकंसं फिरतंय... शेजारी बसलेला मित्र एकदम फिदा!

पण बॉस, वीकएण्ड कुणी एक्सप्रेस-वेवर घालवतं का? आपल्याला जायचं असतं मुळशी-ताम्हिणीला, दिवेआगरला नाहीतर मावळातल्या एखाद्या होमस्टेला. तिथल्या रस्त्याला पट्टे असलेच तर गेल्या पावसाळ्यात अर्धे धुऊन गेलेले. खरी परीक्षा इथे आहे.

रस्ता नाही, रंग दिसतो

स्टिअरिंगची ही मदत चालते कशी? पुढच्या काचेवर, आरशाच्या मागे एक कॅमेरा असतो. काळ्या डांबरावरचे पांढरे-पिवळे पट्टे तो ओळखतो आणि गाडी त्यांच्या मधोमध आहे का, याचा सतत हिशेब मांडतो. गाडी सरकली की इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर चाकाला हलकासा धक्का देते. बऱ्याच गाड्यांमध्ये ही सोय ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेग गेल्यावरच जागी होते. हायवे हेच तिचं माहेर, याचा यापेक्षा मोठा पुरावा कशाला हवा?

रोड मार्किंग कसं असावं याची नियमावली आपल्याकडे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची, आयआरसी-३५ नावाची. पण गावाकडच्या अरुंद रस्त्यावर कडेचा पट्टा सापडणं म्हणजे लॉटरीच. मग कॅमेरा काय करणार? कधी खड्डे बुजवताना ओढलेल्या डांबराच्या रेघेलाच तो पट्टा समजतो, कधी पुसट जुना आणि ताजा नवा अशा दोन पट्ट्यांत गोंधळतो. पावसात ओल्या रस्त्यावर उजेड चमकला, घाटात धुकं उतरलं की त्याचे डोळेच मिटतात. हेअरपिन वळणावर तर पट्टा कॅमेऱ्याच्या नजरेतूनच निसटतो.

न सांगता रजेवर

पट्टे दिसेनासे झाले की बऱ्याच गाड्यांत फार गाजावाजा होत नाही. मीटरवरचं हिरवं चिन्ह राखाडी होतं, बस्स! दीड तास एक्सप्रेस-वेवर तुम्हाला त्या मदतीची सवय झालेली. हात सैलावलेले, लक्ष गाण्यांवर. आणि पहिल्या वळणावर मदतनीस गुपचूप रजेवर. गाडी सरळच जात राहते आणि रस्ता मात्र वळलेला असतो.

दुसरा प्रकार याच्या उलट. पट्टा दिसतोय, यंत्रणा जागी आहे आणि समोर कडेनं एक सायकलवाला चाललाय. त्याला जागा द्यायला तुम्ही इंडिकेटर न देता थोडं उजवीकडे घेता. यंत्रणेला वाटतं, तुमची डुलकी लागली! ती स्टिअरिंग पुन्हा डावीकडे ढकलते, म्हणजे थेट सायकलवाल्याच्या दिशेनं. हा धक्का हातानं सहज मोडता येतो, पण हात घट्ट असतील तरच. दचकून दोन बोटांनी धरलेलं स्टिअरिंग सावरायला जाल, तेवढ्यात अंतर संपलेलं असतं. तुमच्या बंपरला ओरखडा येईल, पण समोर माणूस आहे. लहान रस्त्यावर कडेला साइडपट्टीवरून शाळेची पोरं चालतात, उसाची ट्रॉली रात्री बिनदिव्याची उभी असते, समोरून लाल एसटी अर्धा रस्ता व्यापून येते. तिथे पट्ट्याच्या मधोमध राहण्यापेक्षा माणसाला जागा देणं महत्त्वाचं.

मग करायचं काय?

सोपं आहे. हायवे सोडतानाच, टोलनाका मागे टाकला की लेन असिस्टचं बटण बंद करा. पूर्ण बंद नको असेल तर काही गाड्यांत फक्त वॉर्निंगचा पर्याय असतो, तो घ्या. काही मॉडेल्समध्ये गाडी पुन्हा सुरू केली की सोय आपोआप चालू होते. म्हणून चहाच्या टपरीवरून निघताना मीटरवर एक नजर टाका. सोय चालू ठेवलीच, तर गाडी बाजूला घेताना दर वेळी इंडिकेटर द्या. मग ती मध्ये पडत नाही. आणि कॅमेऱ्यासमोरची काच पुसून ठेवा. चिखलाचा एक शिंतोडा पुरतो.

स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवून, पाय वर घेऊन काढलेले व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. या गाड्या ‘लेव्हल टू’च्या आहेत. पाचव्या लेव्हलला गाडी सगळं स्वतः करते, दुसऱ्या लेव्हलला ती फक्त हात लावते. रस्त्यावर नजर ठेवायची आणि जबाबदारी घ्यायची ती तुम्हीच.

तेव्हा एक्सप्रेस-वेवर मजा घ्या, थकलेल्या खांद्यांना आराम द्या. ताम्हिणीच्या वळणांवर मात्र गाडी स्वतःच चालवा. तसंही, त्या वळणांसाठीच तर आपण एवढ्या लांब जातो ना?