आधी एकक की आधी दशक?

'पंचवीस' म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो, वीस नंतर; लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच मागून. संस्कृत ज्योतिषग्रंथांतल्या भूतसंख्यांमध्ये सामान्यतः एककाचा शब्द पहिला येतो. वेद म्हणजे ४, नेत्र म्हणजे २. म्हणून 'वेद-नेत्र' म्हणजे २४. संकेत ठाऊक नसलेला वाचक ४२ समजेल.

संगणकाच्या पोटातही हाच प्रश्न आहे, आणि माझ्या कामात तो वारंवार आडवा येतो.

बाइट म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक संख्या मावेल एवढे घर. त्याहून मोठी संख्या अनेक घरांत वाटून ठेवावी लागते. दोन घरे असतील तर थोरल्याची किंमत २५६ पट, धाकट्याची एकपट. पण आधी कोण? आयबीएमच्या १९६४च्या सिस्टिम/३६०ने थोरल्याला पुढे बसवले, इंटेलच्या १९७८च्या ८०८६ने धाकट्याला. थोरले आधी, तर संख्या आपण लिहितो त्याच क्रमाने दिसते. धाकटे आधी, तर हातचा पुढे नेत बेरीज करणे सोयीचे.

डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८०च्या निबंधात या दोन पंथांना 'बिग-एंडियन' आणि 'लिटल-एंडियन' म्हटले. ही नावे जोनाथन स्विफ्टच्या १७२६च्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'वरून सुचलेली. तिथे अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून युद्धे होतात. कोहेन यांचा मुद्दा असा, की क्रम कोणता यापेक्षा त्यावर एकमत होणे महत्त्वाचे. इंटरनेटच्या मूळ नियमांत थोरले आधी असे ठरले, त्यामुळे इंटेलच्या यंत्राला दळणवळणातले असे आकडे पाठवताना आणि घेताना बाइटांची अदलाबदल करावी लागते.

आता आपले अक्षर घेऊ. युनिकोडमध्ये 'म'चा क्रमांक २३५० आहे, म्हणजे ९ गुणिले २५६ अधिक ४६. दोन बाइटांच्या साठवणीत ही घरे ९ आणि ४६. कोणी ती उलट वाचली तर ११७८५ होतात. हा क्रमांक ज्या कंसाचा आहे, तो बायबलच्या नव्या कराराच्या पाठचिकित्सेत शब्दांचा क्रम बदलल्याची खूण म्हणून वापरतात!

अशा घोळावर उपाय म्हणून फायलीच्या आरंभी ६५२७९ क्रमांकाची खूण ठेवता येते. तिची घरे २५४ आणि २५५. उलटली तर ६५५३४ होतात, आणि तो क्रमांक कोणत्याही अक्षराला कधीच द्यायचा नाही असे ठरलेले आहे. तो दिसला की वाचणाऱ्या प्रणालीला कळते, क्रम उलटा आहे.

'फाइल खराब झाली' म्हणून आलेला मराठी मजकूर मी कधी कधी उघडतो, तेव्हा पानभर अनोळखी चिन्हे असतात. एकही बाइट हरवलेला नसतो. जोड्या उलटल्या की कथा जशीच्या तशी परत येते.

मला धास्ती वाटते ती आकड्यांची. मजकूर उलटला तर डोळ्यांना लगेच खटकते. पण दोन घरांतले ५ उलटले तर १२८० होतात, आणि १२८० हा दिसायला अगदी सभ्य आकडा आहे. औषधाची मात्रा असो की खात्यातली शिल्लक, तो कुठेही गुपचूप बसतो. म्हणून जपून ठेवायच्या प्रत्येक नोंदीबरोबर तिचा क्रमही लिहून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगतो. तो बाइटांकडे पाहून नेहमी कळेलच असे नाही.