परभणीची अक्षरे उलटताना

पायथनसारख्या संगणकभाषेत अक्षरमालिका उलटवण्याची साधी आज्ञा युनिकोडच्या संकेतांकांचा, म्हणजे प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकांचा, क्रम फिरवते. त्यामुळे ‘परभणी’तील शेवटची वेलांटी सर्वांत पुढे येऊन निराधार होते. परभणी जिल्ह्यातील ‘सेलू’त सची मात्रा लवर जाते. याच जिल्ह्यातील ‘पूर्णा’ची हानी अधिक, कारण तिथे रफार नाहीसा होऊन ‘ण्रू’ हे भलतेच जोडाक्षर उमटते. म्हणून व्यंजन व त्याची स्वरचिन्हे एकत्र धरणारा अक्षरगुच्छ हाच उलटवण्याचा घटक मानावा लागतो. तथापि देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली, आला, आणि तो इतक्या उशिरा यावा ही खेदाची बाब होय. त्यानुसार ‘पूर्णा’चे ‘र्णापू’ होते. जुन्या नियमाने मात्र ‘र्’ सुटा पडून ‘णार्पू’ होत असे.