गाठ दिसली, पण कशाची?

आमच्या केलगेरीत ‘गाठ’ म्हणा की कन्नडमध्ये ‘गंटु’ म्हणा, छातीच्या फोटोत ती निघाली की घरात सगळ्यांच्या मनात एकच रोग येतो आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. माझ्या आत्याचं तसंच झालं. पंधरा वर्षांचा आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. बोटं वाकडी, कोपरावर वाटाण्याएवढ्या टणक गाठी. गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टर नवी इंजेक्शनं सुरू करणार होते. त्याआधी छाती तपासली, तर सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात दोन गाठी!

मी मराठीचा प्राध्यापक, डॉक्टर नव्हे. पण तिच्याबरोबर धारवाड-हुबळीच्या खेपा घालताना जे कळलं ते वाचकांना सांगावंसं वाटतं. आमवात सांध्यांपुरता राहत नाही. कोपरावर येतात तशाच गाठी फुप्फुसातही, बहुधा कडेला आवरणालगत, येऊ शकतात. त्या कर्करोगाच्या नसतात, बऱ्याचदा त्रासही देत नाहीत. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि रक्तात रूमॅटॉइड फॅक्टर असणाऱ्यांत त्या अधिक. वेल्समधल्या आमवात झालेल्या कोळसा-खाणकामगारांच्या छातीतल्या अशा गाठींची नोंद डॉ. कॅप्लन यांनी 1953 साली केली. तेव्हा ‘दगडाच्या खाणीत, क्रशरवर कधी काम केलंय का?’ असं डॉक्टरांनी विचारलं तर नीट उत्तर द्यावं.

मग घोडं अडतं कुठे? आमवाताच्या रुग्णाला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही इतरांपेक्षा काहीसा जास्तच. शिवाय आपल्याकडे तिसरा संशयित कायम दारात उभा असतो, तो क्षय. (हा शब्द दोन्ही भाषांत एकच, आत्याला समजावून सांगावा लागला नाही.) स्टेरॉइड आणि विशेषतः टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं प्रतिकारशक्ती दाबतात, आणि अंगात निपचित पडलेला क्षय उठून बसतो. गावठी पुड्यांतही कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं, तेही डॉक्टरांपासून लपवू नये. पेट स्कॅन करावा, तर क्षयाची गाठही त्यात कर्करोगासारखीच चमकते. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, पण तिच्यात काही सापडलं नाही म्हणजे क्षय नाहीच, असंही नाही.

सगळ्यात कामाला आली ती जुनी फिल्म. आपल्या घरांत जुने एक्स-रे मुलं ग्रहण बघायला घेतात (डोळ्यांना तेही वाईटच). आत्याने मात्र तीन वर्षांपूर्वीचा सीटी ट्रंकेत साडीच्या घडीत जपला होता. मोठी गाठ त्यात जशीच्या तशी होती. दोन वर्षांहून अधिक काळ न वाढलेली टणक गाठ सहसा कर्करोगाची नसते. लहान गाठ मात्र नवी होती. सुईने तिचा तुकडा काढला. निदान क्षयाचं आलं.

इंजेक्शनं लांबली. क्षयाच्या गोळ्यांचा चौथा महिना चालू आहे, सांधे दुखतात, आत्या कुरकुरते. वजन दोन किलो वाढलंय. पुढचा स्कॅन दिवाळीनंतर.