आधी हाड, मग दात

1980 च्या दशकात ठाणे-कल्याण पट्ट्यात दात गेलेल्या माणसापुढे तीन वाटा असत. तसंच राहायचं, काढ-घाल करायची कवळी बसवायची किंवा शेजारचे दोन चांगले दात घासून त्यांच्या आधारानं ब्रिज टाकायचा. बहुतेक जण पहिली वाट धरत. दाढ गेली तर दिसते कुणाला? समोरचा दात गेला आणि घरात लग्नकार्य निघालं, तरच डॉक्टरकडे जाणं व्हायचं. दवाखान्यांत मुख्य कामं दोनच, चांदी भरणं आणि दात काढणं. रूट कॅनॉल तेव्हाही होतं, पण चार-पाच खेपा आणि खर्च बघता घरातली वडीलधारी मंडळीच निर्णय देऊन टाकत, ‘दुखतोय ना, मग काढून मोकळा हो.’

बत्तीशीच बदलायची असेल तर मुंबई गाठावी लागे. मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल 1933 पासूनचं. पण डोंबिवली-कल्याणकराला सोयीचं होतं ते सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, कारण व्हीटीला उतरलं की चालत जाता येई. तिथे पैसे कमी लागत, दिवस जास्त. एकदा माप घ्यायला, एकदा चाव बघायला, एकदा मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघायला, मग कवळी बसवायला, आणि नंतर टोचते म्हणून घासून घ्यायला. हातावर पोट असलेल्यानं एवढ्या रजा कुठून आणायच्या? अर्ध्यावर सोडून दिलेल्या कवळ्या या भागात कमी नसतील.

ज्यांनी पूर्ण केली, त्यांचाही त्रास संपत नसे. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, तिच्याखाली हवेची पोकळी राहत नाही म्हणून ती धरून राहते. खालच्या कवळीला टाळूचा आधारच नसतो. हिरडीच्या अरुंद कडेवर टेकलेली घोड्याच्या नालेसारखी ती पट्टी, आत जीभ ढकलते, बाहेरून गाल ढकलतो. बोलताना उचलते, भाकरी चावताना सरकते. नैसर्गिक दातांनी जितका जोर लावता येतो, त्याच्या जेमतेम एक चतुर्थांश जोर पूर्ण कवळीवर लागतो. म्हणून घराघरांत खालची कवळी कपाटात आणि वरची तोंडात, असं चित्र असे.

यामागचं खरं कारण हाडात होतं आणि ते रुग्णाला फारसं कुणी सांगत नसे. जबड्यातलं दाताभोवतीचं हाड दातासाठीच असतं. चावताना मुळावाटे त्याला भार मिळत राहतो तोवर ते टिकतं. दात काढला की ते झिजायला लागतं. पहिल्या वर्षभरातच त्या जागेची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते. त्यानंतर झीज मंदावते, पण थांबत नाही. संशोधिका टॉलग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांचा पंचवीस वर्षं पाठपुरावा करून 1972 मध्ये निष्कर्ष मांडले. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातलं हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजलेलं त्यांना आढळलं. म्हणजे ज्या कवळीला मुळात आधार कमी, तिचाच आधार सर्वांत वेगानं जात होता. नवी कवळी काही वर्षांनी सैल होते ती याच कारणानं, आणि आपण मात्र कवळी करणाऱ्याला दोष देत राहिलो.

या हाडावरचा उपाय दातांच्या दवाखान्यात सापडलेला नाही. स्वीडनमधले पेर-इंग्वार ब्रोनेमार्क 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला सशाच्या पायाच्या हाडात रक्ताभिसरण कसं चालतं ते पाहत होते. त्यासाठी टायटॅनियमच्या आवरणात बसवलेली दृष्टिभिंगं त्यांनी हाडात घातली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेनात. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिपातळ थर आपोआप तयार होतो. शरीर त्याला परकं मानून दूर सारत नाही, हाड थेट त्याला लागून वाढतं. ब्रोनेमार्क यांनी ही गोष्ट जबड्यात वापरली ती 1965 मध्ये. रुग्ण होते योस्ता लार्सन, जन्मापासून टाळू फाटलेले, जबड्यात व्यंग असलेले. त्यांच्या खालच्या जबड्यात स्क्रू बसवले गेले आणि 2006 मध्ये ते वारले तोवर, चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते वापरात राहिले. तरीही दंतवैद्यकाच्या जगानं हे लगेच मान्य केलं नाही. 1982 मध्ये टोरांटोच्या परिषदेत पंधरा वर्षांच्या नोंदी समोर ठेवल्या गेल्या, तेव्हा कुठे इतर देशांची दारं उघडली. ठाणे महानगरपालिका झाली तेही वर्ष 1982 च. इथे तेव्हा दातवाल्याच्या पाटीवर ‘वेदनारहित दात काढून मिळेल’ ही सर्वांत मोठी जाहिरात होती.

हाडात बसवायचे हे स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट, आपल्याकडे आले ते आधी मुंबईतल्या मोजक्या दवाखान्यांत, परदेशी बनावटीचे आणि परदेशी किमतींचे. मध्यमवर्गाला ते ऐकून माहीत होते, इतकंच. ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडवर आणि डोंबिवलीच्या फडके रोडच्या आसपास ते खऱ्या अर्थानं पोचले 2000 नंतर. एक तर नवी मुंबईत नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे अशी दंत महाविद्यालयांची रांग उभी राहिली होती आणि तिथली शिकलेली मुलं-मुली आपापल्या गावी, म्हणजे इथेच, दवाखाने थाटत होती. दुसरं, स्वीडिश आणि स्विस कंपन्यांच्या जोडीला कोरियन, इस्रायली आणि पुढे भारतीय बनावटीचे स्क्रू बाजारात आले. 2004 मध्ये ठाण्याहून नवी मुंबईकडे ट्रान्स हार्बर गाडी सुरू झाली आणि कॉलेजातले कमी दराचे उपचार ठाणेकराला एका गाडीच्या अंतरावर आले. रुग्णांच्या दृष्टीनं या गाडीचं महत्त्व मला फार वाटतं.

दवाखान्यांतही एक नवी रीत रुजली. फॅमिली डेंटिस्ट रुग्ण तपासायचा, एक्स-रे काढायचा, आणि ठरलेल्या दिवशी सर्जन आपली किटची पेटी घेऊन यायचा. सकाळी मुलुंड, दुपारी ठाणे, संध्याकाळी डोंबिवली. आपल्या भागातले कितीतरी इम्प्लांट असे फिरत्या हातांनी बसले आहेत. रीत सोयीची आहे, पण तिच्यात एक धोका आहे. स्क्रू बसवणारा आणि पुढे वर्षानुवर्षं त्याची निगा राखणारा यांच्यात नोंद नीट पोचली नाही, तर रुग्ण अधांतरी राहतो. कुठल्या कंपनीचा, किती लांबीचा, किती जाडीचा, लॉट नंबर काय, हे लिहिलेलं कार्ड हातात घेतल्याशिवाय दवाखान्यातून बाहेर पडू नये. प्रत्येक कंपनीची चावी वेगळी असते. दहा वर्षांनी वरचा छोटा स्क्रू ढिला झाला आणि कंपनीच ठाऊक नसेल, तर साधं काम डोकेदुखी होऊन बसतं.

माझी खालची डावी दाढ गेल्यावर मी स्वतः या खुर्चीत बसले. आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन झाला. पडद्यावर जबड्याचा उभा छेद दिसत होता आणि खालून जाणारी मज्जातंतूची नळी डॉक्टरांनी लाल रेघेनं आखून ठेवली होती. त्या नळीपासून किमान दोन मिलिमीटर अंतर सोडायचं, नाहीतर ओठ कायमचा बधिर होऊ शकतो. भूल दिल्यावर हिरडी बाजूला केली. पहिलं ड्रिल जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचं, मग त्याहून जाड, मग आणखी जाड. आवाज बराच कमी, कारण दात घासायच्या मशिनच्या मानानं हे फारच सावकाश फिरतं. वरून सलाइनची धार चालू. ही धार फार महत्त्वाची. हाडाचं तापमान 47 अंशांपर्यंत चढून मिनिटभर तिथे राहिलं तरी हाडाला इजा होते, आणि भाजलेलं हाड स्क्रूला धरत नाही. शेवटी दहा मिलिमीटर लांबीचा, करड्या रंगाचा स्क्रू छोट्या पान्यानं आवळत आत गेला. दुखलं नाही. जबड्यावर दाब मात्र स्पष्ट जाणवला. टाके घातले आणि घरी पाठवलं.

त्यानंतर तीन महिने काहीच करायचं नव्हतं आणि सर्वांत महत्त्वाचं काम त्याच तीन महिन्यांत व्हायचं होतं. पहिल्या आठवड्यांत स्क्रू घट्ट असतो तो नुसता आवळल्यामुळे. मग त्याला लागलेलं जुनं हाड विरघळत जातं, नवं तयार होत असतं, आणि मधल्या काळात पकड थोडी कमीच होते. त्या काळात त्याच्यावर जोर पडला तर हाडाऐवजी भोवती मऊ पेशींचं आवरण तयार होतं आणि स्क्रू हलायला लागतो. खालच्या जबड्याला पूर्वीपासून तीन महिने, वरच्या मऊ हाडाला सहा महिने थांबायचा दंडक आहे. खडबडीत पृष्ठभागाचे स्क्रू आल्यापासून तो काळ कमी झाला आहे, काही रुग्णांत तर त्याच दिवशी तात्पुरते दात बसवता येतात. पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी चार स्क्रूंवर अख्खा जबडा उभा करण्याची पद्धत रूढ केली, ती याच बळावर. पण हाड पुरेसं घट्ट असेल तर. स्टेशन रोडवरच्या फलकांवर ‘एका दिवसात फिक्स दात’ लिहिताना हा ‘तर’ गाळला जातो, आणि याची मला मनापासून चीड येते.

माझ्या दाढेवर आता झिर्कोनियाचा दात आहे. शेंगदाणे, सुकं खोबरं, ऊस, सगळं चावता येतं. एक फरक मात्र राहिला. खऱ्या दाताच्या मुळाभोवती अगदी पातळ तंतूंचा पडदा असतो, भातातला बारीकसा खडाही त्यामुळे लगेच कळतो. इम्प्लांटला तो पडदा नाही, हाड थेट धातूला लागलेलं आहे. त्या बाजूचा खडा उशिरा कळतो. आणि दात कृत्रिम असला तरी हिरडी खरीच आहे. तिथे कीटण साठलं तर स्क्रूभोवतीचं हाड झिजतं, दुखतही नाही, म्हणून कळत नाही. तंबाखू, मशेरी, ताब्यात नसलेला मधुमेह हे इथले जुने शत्रू. दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून अधिक इम्प्लांट टिकतात हे खरं, पण ते निगा राखणाऱ्यांचे.

ज्यांना सर्वांत आधी याची गरज होती, त्यांच्यापर्यंत हे सर्वांत शेवटी पोचलं. कल्याणच्या पारनाक्यावर राहणारी माझी आत्या त्यांतलीच. चाळिशीपासून एकेक दात काढत गेली आणि खालची कवळी तिनं कधी नीट घातलीच नाही. तिचा स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, “आजी, मागे हाड उरलेलं नाही. दाढांच्या जागी स्क्रू बसणार नाहीत.”

“ते राहू द्या हो,” आत्या म्हणाली. “मला भाकरी चावता येईल का, तेवढं सांगा.”

येईल, म्हणाले. दातांभोवतीचं हाड झिजून गेलं तरी खालच्या जबड्याचा हनुवटीजवळचा मूळ भाग सहसा शेवटपर्यंत तग धरतो. तिथे, दोन सुळ्यांच्या जागी दोन स्क्रू घातले. वर बटणासारखे मणी आणि कवळीच्या आतल्या बाजूला त्यांना धरणाऱ्या नायलॉनच्या चकत्या. कवळी दाबली की टक्क आवाज होऊन बसते, रात्री काढून धुता येते. चकत्या झिजतात, त्या अधूनमधून बदलायच्या. बाकी काही नाही. 2002 मध्ये माँट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी, खालच्या जबड्यात एकही दात नसलेल्या माणसाला किमान एवढं तरी मिळायला हवं, असं एकमतानं लिहून ठेवलं आहे. पूर्ण जबडा स्क्रूंवर उभा करायला लाखांत पैसे लागतात. इथे दोनच स्क्रू लागतात आणि जुनी कवळी ठीक असेल तर तीच वापरता येते. तरी आपल्याकडे याची जाहिरात कुठे दिसत नाही, कारण यात कुणाला मोठी कमाई नाही. कल्याणच्या रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयांत, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ज्येष्ठांसाठी हा एवढा उपचार सवलतीत मिळावा, असं मला ठामपणे वाटतं. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी शिबिरं भरवणाऱ्या शहरांना हे जमण्यासारखं आहे.

आणि तरुणांच्या बाबतीत प्रश्न त्याआधीचा आहे. दात वाचण्यासारखा असेल तर रूट कॅनॉल करून वाचवणं हे कुठल्याही इम्प्लांटपेक्षा चांगलं. काढावाच लागला तर काढण्याच्या दिवशीच पुढचं ठरवावं, कारण हाड तेव्हा पूर्ण असतं. त्या खड्ड्यात हाडाची भुकटी भरून जागा राखता येते. वरची दाढ काढून पाच-सात वर्षं तशीच ठेवली, तर सायनसची पोकळी खाली उतरते आणि मग सायनस वर उचलून, हाड भरून, महिनोन्‌महिने थांबून तेच काम दुप्पट खर्चात करावं लागतं.

आत्याला भाकरी चावताना बघून तिच्या शेजारणीनंही चौकशी केली. त्या जेमतेम साठीच्या, दात अलीकडेच गेलेले. डॉक्टरांनी बघितलं, हाड भरपूर होतं. पैसे नव्हते. एका दाताला वीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत पडतात आणि बहुतेक मेडिक्लेम यात हात वर करतात. त्या ठाण्याहून गाडी धरून नवी मुंबईच्या कॉलेजात गेल्या, स्कॅन करून घेतला, पदव्युत्तर विभागात नाव नोंदवून आल्या. स्क्रूची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे, तोवर त्यांनी मशेरी सोडायची आहे.