पंधराशे प्रतींनंतर

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली बाबासाहेब आंबेडकरांना परिषदेचं अध्यक्षपद दिलं, भाषणाचा मजकूर आधी मागवून वाचला आणि परिषदच गुंडाळली. बाबासाहेबांनी ते न झालेलं भाषण स्वखर्चाने छापून टाकलं. १,५०० इंग्रजी प्रती दोन महिन्यांत संपल्या, अशी नोंद दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनीच करून ठेवली आहे. म्हणजे वाचक होता, मागणीही होती. हे छापील साहित्य एका जागी जपायला हवं, असं सरकारला वाटायला मात्र पुढची चाळीस वर्षं जावी लागली.

पुस्तकांचं त्यातल्या त्यात बरं. हाल झाले ते बाबासाहेबांच्या वृत्तपत्रांचे. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’, ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. भांडवल नाही, जाहिराती नाहीत, वर्गणीदार गरीब. ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने संपादक एकट्याने लिहून काढायचे. जो अंक एकाने मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायचा आणि मग पुढच्या घरी द्यायचा, तो टिकणार किती? तरीही काही अंक उरले, ते ट्रंकेत, माळ्यावर, कुणाच्या तरी हट्टापायी.

अशा हट्टी माणसांत चांगदेव खैरमोडे पहिले. सातारा जिल्ह्यातले पाचवडचे, मुंबईत नोकरी करणारे. तरुणपणापासून त्यांनी बाबासाहेबांविषयीचा कागद न् कागद गोळा केला. त्यांनी लिहिलेल्या चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये, म्हणजे चरित्रनायकाच्या हयातीतच निघाला. खैरमोडे १९७१ मध्ये गेले. कित्येक खंड त्यांच्या पश्चात छापले गेले. भाषेचा डौल पाहायचा तर धनंजय कीरांनी लिहिलेलं चरित्र वाचावं. पण मूळ पत्र, जाहीरनामा, सभेचा वृत्तान्त हवा असेल तर अभ्यासक आजही खैरमोड्यांकडेच वळतो. शंकरराव खरातांनी १९६१ मध्ये बाबासाहेबांची पत्रं छापली. नागपुरात मा. फ. गांजरे भाषणं जमवत होते, तर भुसावळला रत्नाकर गणवीर ‘बहिष्कृत भारत’मधले अग्रलेख पुन्हा छापत होते. हे सगळं पदरमोड करून, छोट्या छापखान्यांतून चाललेलं काम.

१९७६ मध्ये महाराष्ट्र शासनाने चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला इंग्रजी खंड १९७९ मध्ये आला. समितीचं सगळं ओझं पुढे वसंत मून यांच्या खांद्यावर आलं. नागपूरच्या वस्तीत वाढलेला, महसूल खात्यात नोकरी केलेला हा माणूस संपादनाला असा भिडला, की २००२ मध्ये त्याचं निधन झालं तोवर सोळा खंड वाचकांच्या हातात होते. सरकारी समितीकडून इतकं काम क्वचितच होतं. ते समितीमुळे झालं की मूनांमुळे, याचा निवाडा पुढच्या वीस वर्षांनी केला.

चौथ्या खंडाची हकिगत जरा थांबून सांगायला हवी. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ बाबासाहेबांनी छापलेलं नव्हतं. त्यांच्या कागदांत सुटी प्रकरणं मिळाली, अंतिम प्रत सापडली नाही; मिळालं ते संपादकांनी लावून १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं. राम आणि कृष्ण यांच्यावरच्या परिशिष्टावरून वादळ उठलं. जानेवारी १९८८ मध्ये मराठा महासंघाने अमरावतीत खंडाची होळी केली, शिवसेना रस्त्यावर आली आणि सरकारने परिशिष्ट वगळायचं ठरवलं. मग ५ फेब्रुवारीला मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला आणि परिशिष्ट राहिलं. त्यासोबत एक टीपही राहिली: या प्रकरणातल्या मतांशी शासन सहमत नाही. लेखकाच्या निधनानंतर तीन दशकांनी त्याचा प्रकाशकच त्याच्यापासून अंग काढून घेतो, हा प्रकार मराठी छपाईच्या इतिहासात तसा विरळाच. पण टीप काहीही म्हणो, पानं शाबूत राहिली, आणि ती राहिली ते रस्त्यावर उतरलेल्या वाचकांमुळे.

१९९० मध्ये ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’चे अंक एकत्र छापले गेले. सत्तर वर्षांनी का होईना, पण सामान्य वाचकाला ते घरी नेता आले. मराठी भाषणांचा अठरावा खंड तीन भागांत आला. त्यानंतर मात्र गाडी रखडली. २०१६ च्या जूनमध्ये दादरचं आंबेडकर भवन पाडलं गेलं, त्यात बाबासाहेबांनी उभारलेला बुद्धभूषण छापखानाही गेला. आणि २०२१ च्या अखेरीस ‘लोकसत्ता’ने छापलं, की नऊ लाख प्रतींसाठी कोट्यवधींचा कागद घेतला गेला, पण छापून झाल्या जेमतेम ३३ हजार. मुंबई उच्च न्यायालयाने त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. दर ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या दुकानांसमोर उडणारी झुंबड ज्याने पाहिली आहे, त्याला मागणी नव्हती हे कारण कुणी सांगू नये.

माझी तक्रार थोडी वेगळी आहे. एवढ्या खंडांतून बाबासाहेबांचा शब्द बऱ्यापैकी जपला गेला. त्यांच्या भोवतीचा छापील गलका मात्र गाळला गेला. ‘जनता’ पंचवीस वर्षं चालला. त्यातून भाषणं आणि लेख उचलले गेले, पण गावोगावच्या सभांची वृत्तं, वाचकांच्या तक्रारी आणि बारीक टाइपातल्या छोट्या बातम्या संपादकाच्या कात्रीत सापडल्या. नेता काय म्हणाला ते आपल्याला कळतं. ते ऐकून खेड्यातल्या माणसाने काय केलं, ते त्या गाळलेल्या रकान्यांत आहे. म्हणून ‘जनता’चे अंक निवडून न छापता पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत, आहेत तसे छापावेत.