गिअरबॉक्स खोलण्यापूर्वी

साखरप्याहून आंबा घाट चढताना जुनी पद्मिनी किंवा अँबॅसिडर गिअर बदलला की खालून ‘धड्’ करते. मालक घाबरतो, गिअरबॉक्स गेला! कित्येकदा गेलेलं असतं ते फक्त फाउंडेशन, म्हणजे गिअरबॉक्सचा मागचा भार पेलणारं, पत्र्यावर चिकटवलेलं रबर. ते सुटलं की जोर पडताच गिअरबॉक्स उचलला जातो आणि आपटतो. गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी असेल तर गिअरही अडखळतो, कारण दांडी बॉडीला जखडलेली आणि गिअरबॉक्स मात्र हलता.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद, चाकांना ओंडके, गाडी भक्कम स्टँडवर. (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही शिरू नये.) गिअरबॉक्सखाली लाकडी फळी ठेवून दुसऱ्या जॅकने किंचित उचला. रबर पत्र्यापासून सुटं झालं तर दोष सापडला. मात्र प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजला तरी असाच आवाज येतो. शाफ्ट हाताने पिळून खेळ आहे का, तेही पाहावं.

रबर तेलाने फुगलेलं असेल तर आधी गळकं ऑइल सील बदला, नाहीतर नवं फाउंडेशनही तसंच फुगेल. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत बोल्ट गंजून धरतात, आदल्या रात्रीच त्यांना तेल सोडून ठेवा. गिअरबॉक्स जॅकवर तोललेला असतानाच जुनं काढून नवं बसवा. बोल्ट सैलच ठेवा. जॅक उतरवून भार रबरावर आला, की मग आवळा.