सौम्य हिवाळा आणि आपली परसबाग

आपल्या मंडळाचे बरेचसे सभासद नोकरीनिमित्त शहरात राहत असले तरी गावाशी असलेले त्यांचे नाते तुटलेले नाही. कोकणातील घरामागे कुणाची आंब्याची दोन-चार कलमे आहेत, तर कुणी शहरातल्या गॅलरीत गुलाब, शेवंती जोपासली आहे. "यंदा थंडीच पडली नाही, कलम मोहोरले नाही," अशी तक्रार अलीकडे वारंवार कानी येते. ज्या घरात आंब्याच्या पैशांतून जूनमध्ये मुलांची वह्या-पुस्तके येतात, तेथे ही तक्रार किरकोळ नसते. म्हणून त्यामागील शास्त्रीय कारण आपण समजून घेऊ.

हिवाळ्यात आकाश निरभ्र असले की दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता बाहेर टाकते व पहाटे गारठा पडतो. उत्तरेकडील कोरडे वारे त्यात भर घालतात. याउलट समुद्रावरून दमट हवा व ढग आले की गोधडीखाली ऊब राहावी तशी ती उष्णता कोंडून राहते. शिवाय पृथ्वीचे सरासरी तापमानही वाढत आहे. हवामान खात्याच्या नोंदीनुसार सरासरी कमाल तापमानाच्या बाबतीत २०२३ चा फेब्रुवारी हा देशात १९०१ पासून तोपर्यंतचा सर्वात उष्ण फेब्रुवारी ठरला.

आपल्याला थंडी म्हणजे केवळ गारवा वाटतो. झाडाला मात्र तो एक निरोप असतो. आंब्याचेच पाहा. पावसाळ्यानंतर पालवी जून झाली आणि रात्रीचे तापमान काही दिवस १५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले, की डोळ्यांतून मोहोर फुटतो. रात्री उबदार राहिल्या तर त्याच डोळ्यांतून पुन्हा पालवी येते. झाड हिरवेगार दिसते, पण फळ नसते. थोडाफार मोहोर आला तरी ढगाळ, दमट हवेत त्यावर तुडतुडे व भुरी रोग वाढतो.

शेवंतीला रात्र मोठी झाली की कळी धरण्याची सूचना मिळते. परंतु ती रात्र फार उबदार असेल तर कळ्या उशिरा येतात व तांबड्या-जांभळ्या फुलांचा रंग फिका पडतो. गुलाब लवकर उमलतो, मात्र फूल लहान राहते. गरव्या जातीच्या फ्लॉवरला पुरेशी थंडी मिळाली नाही तर त्याचा गड्डा वेळेवर धरत नाही, किंवा गड्ड्यातून पाने डोकावतात. पालक, कोथिंबीर लवकर फुलोऱ्यावर येते. थोडक्यात, झाडाला रोग झालेला नसतो, त्याला ऋतूचा निरोपच पोहोचलेला नसतो.

अशा वेळी पुष्कळजण घाबरून झाडाला पाणी व युरिया देतात. नेमकी येथेच चूक होते. पाणी व नत्र मिळाले की आंबा आणखी पालवी काढतो. म्हणून पाऊस संपल्यावर वाढलेल्या कलमाचे पाणी बंद ठेवावे आणि फळे वाटाण्याएवढी झाल्यावरच द्यावे. खत पावसाळ्यातच घालावे. फ्लॉवरच्या हळव्या जाती निवडाव्यात. पालेभाजी एकदम न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी पेरावी. मोहोरावर व कोवळ्या शेंड्यांवर दर आठवड्यास नजर ठेवावी. कुंडीतील झाडांवर मावा दिसताच पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा.

विद्यार्थी मित्रांना आमची एक सूचना आहे. एक वही घ्या. रोजचे किमान तापमान वृत्तपत्रात येते, ते लिहा. पहिला मोहोर कधी दिसला, शेवंतीला पहिली कळी कधी आली, ती तारीख त्यासमोर नोंदवा. चार-पाच वर्षांत आपल्याच अंगणाचा हिशोब हाती येईल. झाड मोहोरले नाही की नशिबाला किंवा कुणाच्या दृष्टीला दोष देण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्याऐवजी कारण शोधण्याची सवय लागली, तर एक हंगाम वाया गेला तरी पुढचा हंगाम सावरता येईल.

थंडी आणणे आपल्या हाती नाही. झाडाला काय हवे हे ओळखणे व नको ते न देणे मात्र निश्चितच आपल्या हाती आहे.